महापौरांच्या वाट्याला दोन-तीन उन्हाळे येतात: घरं, ऊन आणि कामं यांत आधी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जळगावात राहता. प्रशासकाचा काळ संपून महापौर आले. घरकुलं, उन्हापासून बचाव आणि रस्ते-गटारींची कामं हे तीन विषय त्यांच्या बोलण्यात येतात, पण तिजोरी बेताची आहे. अशा वेळी पहिला मान कोणत्या विषयाला द्यावा? आणि शेवटी तुम्ही हेही विचारलंत की तुमच्या गल्लीनं महापौरांकडे नेमकं मागायचं काय.

मी खान्देशातल्या एका पालिकेत बांधकाम आणि पाणीपुरवठा या दोन खात्यांत मिळून तीसेक वर्षं अभियंता म्हणून काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो, हे तीन विषय वेगवेगळ्या फायलींत गेले की तिन्ही फसतात. आपल्या भागात घर, ऊन आणि काम ही एकाच दोरीची तीन टोकं आहेत. मे महिन्यात रात्री अकरा वाजता पत्र्याच्या घरातल्या माणसाला झोप लागते का, हा प्रश्न महापौरांनी प्रत्येक कामापुढे ठेवावा. ज्या कामानं त्या झोपेत भर पडते ते आधी घ्यावं.

हे मी असंच ठरवलेलं नाही. पाणीपुरवठ्यात असताना एकदा मेच्या मध्याला एका वस्तीत रात्री लिकेज काढायला गेलो होतो. साडेअकरा वाजले असतील. गल्लीत एकही माणूस घरात नव्हता. बाजा बाहेर, गोधड्या बाहेर. दोन विजेच्या खांबांमध्ये साडीचा झोका बांधलेला आणि त्यात लेकरू. एक आजी ओट्यावर बसून ओला पंचा मानेवर फिरवत होती. मी म्हटलं, "आजी, आत पंखा आहे ना?" ती म्हणाली, "बाप्पा, पंखा आगच फेकतो. पत्रा गार होतो पहाटे चारला, अन् नळ येतो दोनला. झोपू कवा?" मी उठून त्यांच्या घराच्या भिंतीला हात लावला. अर्धी वीट, वर प्लास्टर, पश्चिमेकडची बाजू. सूर्य मावळून साडेचार तास झाले होते तरी तव्यावरून नुकतीच भाकरी उतरवावी तशी ती भिंत होती. त्या रात्रीनंतर उन्हाचा विषय मी दुपारच्या पाऱ्यावरून मोजणं सोडलं.

आता महापौरांच्या हातात काय असतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे भलत्या अपेक्षा राहणार नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. पैशाच्या मोठ्या मंजुऱ्या स्थायी समितीत होतात. महापौर महासभा चालवतात आणि त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर अशा नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतात, त्यामुळे त्यांचं वजन वेगळं. महानगरपालिकेच्या महापौराकडे खरी ताकद दोन गोष्टींची असते: महासभेपुढे कोणता विषय कधी यावा, आणि वर्षभरात कोणतं काम कोणत्या महिन्यात होतंय यावर डोळा ठेवणं. अडीच वर्षं म्हणजे दोन किंवा फार तर तीन उन्हाळे. एवढ्यात नवं शहर उभं राहत नाही, पण छपरं, हप्ते आणि कामांचं वेळापत्रक एवढं नक्की सुधारता येतं.

छपरापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त माणसांना आराम इथे मिळतो. आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. धाब्याच्या घरावर लाकडी कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर वीतभर खारी माती. दिवसभराचं ऊन त्या मातीतच अडकायचं, आत यायला रात्र व्हायची, आणि तोवर माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असायची. पत्र्याला अशी जाडीच नाही. तो दहा मिनिटांत तापतो आणि थेट डोक्यावर आग ओततो. लोक आपापल्या परीनं उपाय करतात. कोणी पत्र्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, टाकतं, कोणी आतून जुन्या साड्यांचं छत बांधतं. पऱ्हाट्यांनी फरक पडतो हे खरं, पण वाळलेल्या पऱ्हाट्या, खाली चूल आणि अग्निशमनची गाडी वळणार नाही अशी गल्ली, हे एकत्र आलं की वस्तीच्या वस्ती जाते. त्यामुळे हा उपाय पालिकेनं कधीही सुचवू नये.

पांढरा रंग सुचवावा. पत्रा असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग, स्लॅब असेल तर चुना आणि त्यात डिंकासारखं चिकटवणारं द्रव्य मिसळून दोन हात. घराची उंची, खिडक्या, पत्र्याचा प्रकार यांवर अवलंबून आतलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यातल्या भयंकर उन्हानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपण त्यांच्याइतकेच तापतो, किंबहुना काही दिवस जास्तच. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये तापीचं हे लांबट खोरं, वारा पश्चिमेचा-वायव्येचा कोरडा, खाली काळा खडक आणि काळी माती. तरीही आपल्याकडे छपराच्या रंगासाठी अंदाजपत्रकात वेगळा लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा स्वतंत्र रकाना, मला कधी दिसला नाही. महापौरांनी पहिल्याच अंदाजपत्रकात तो उघडावा. काम फेब्रुवारीत सुरू होऊन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत संपलं पाहिजे. धूळ बसून पांढरेपणा जातो, म्हणून दर दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो, याचीही तरतूद तेव्हाच करावी. महिला बचत गटांना हे काम देता येतं. त्यासाठी मोठा ठेकेदार लागत नाही.

आता घरकुलांकडे येतो. जळगावकरांना या शब्दाची कडू चव माहीत आहे. नगरपालिकेच्या काळात, १९९० च्या दशकात, अकरा हजारांवर घरांची योजना निघाली आणि पूर्ण झाली ती दीड हजाराच्या आसपास. त्या प्रकरणी धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २०१९ मध्ये आला. हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीच्या कर्जाचं ओझं मात्र शहराच्या अंदाजपत्रकावर कितीतरी वर्षं बसून होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की महापौरांनी गावाबाहेर एकगठ्ठा हजारो सदनिका बांधण्याच्या मोहात पडू नये. हमाली करणारा, भाजी विकणारा, धुणीभांडी करणारी बाई, यांचं पोट शहराच्या मध्यावर असतं. त्यांना आठ किलोमीटर लांब नेऊन चौथ्या मजल्यावर ठेवलं की रिक्षाचं भाडं परवडत नाही. घर भाड्यानं जातं किंवा कुलपात राहतं आणि माणूस परत जुन्या झोपडीत येतो.

त्यापेक्षा आहे त्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला नीट साथ द्यावी. प्रधानमंत्री आवास योजनेत, शहरी भागात, वैयक्तिक घरकुलाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. २०१५ पासूनची ही योजना, आणि सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा. कागदावर हे चांगलं आहे. अडतं ते दोन ठिकाणी, आणि ही दोन्ही ठिकाणं महापौरांच्या पाठपुराव्यानं सुटू शकतात.

पहिलं म्हणजे जागेचा कागद. माणूस तीस वर्षं राहतोय, घरपट्टी भरतोय, नळपट्टी भरतोय, पण नावावर ना सातबारा ना प्रॉपर्टी कार्ड. कोणी शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे नोटरीवर घेतलेले असतात. कोणी सरकारी जागेवर बसलेलं असतं. अशा तुकड्यांसाठी, म्हणजे गुंठेवारीसाठी, २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात येऊ शकतात. पण अर्ज, मोजणी, विकास शुल्क, नकाशा या चार पायऱ्यांवर गरीब माणूस थकतो. प्रभागात जाऊन शिबिरं घ्या, मोजणीचे पैसे टप्प्यांनी घ्या, नगर भूमापन कार्यालयाशी महिन्यातून एकदा बैठक लावा. सरकारी जागेचा विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. तिथे महापौरांनी स्वतः जाऊन बसल्याशिवाय फाइल हलत नाही, हे मी पाहिलेलं आहे. हे काम फोटोत दिसत नाही. पण एका मालकी हक्काच्या कागदानं एका कुटुंबाचं जितकं भलं होतं तितकं पाच लाखांच्या कमानीनं होत नाही.

दुसरं अडतं ते हप्त्यात. यावर मी जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त हाल इथेच होतात आणि याबद्दल बोललं कमी जातं. घरकुल मंजूर झालं की माणूस आनंदात जुनं घर पाडतो. पाया झाला की हप्ता, जोतं झालं की हप्ता, मग लिंटल (दारं-खिडक्यांवरची तुळई), मग स्लॅब, आणि दर वेळी फोटो काढून नोंद. मधला एखादा हप्ता निधी नाही म्हणून किंवा नोंद चुकली म्हणून पाच-सहा महिने अडकतो. तोवर कुटुंब कुठे राहतं? त्याच जागेच्या कडेला ताडपत्रीखाली. आमच्याकडे एका कुटुंबानं असे दोन उन्हाळे काढले. घरात बाळंतीण होती. शेवटी कंटाळून त्यांनी सावकाराकडून पैसे उचलले आणि स्लॅबऐवजी पत्रे टाकले, कारण स्लॅबला पैसे पुरले नाहीत. म्हणजे सरकारी मदतीनं धाब्याचं गार घर गेलं आणि पत्र्याची भट्टी आली. त्या माणसानं मला जोत्यावर उभं राहून विचारलं होतं, "साहेब, पाडलं नसतं तर बरं झालं असतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून सांगतो, हप्त्यांचा तक्ता दर महिन्याला महासभेच्या पटलावर यायला हवा. किती घरं जोत्यावर अडकली, किती लिंटलवर, किती दिवसांपासून. शक्य तर पालिकेनं स्वतःच्या निधीतून एक छोटी फिरती रक्कम ठेवावी, म्हणजे वरचा हप्ता येईपर्यंत काम थांबणार नाही. जुनं घर पाडायची वेळ दिवाळीनंतरची ठेवायला लोकांना समजावून सांगावं, म्हणजे उन्हाळ्याच्या आत निदान डोक्यावर छत येईल. आणि नकाशा मंजूर करताना तीन साध्या गोष्टी बघाव्यात: समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा जिना, छताची उंची दहा फुटांच्या खाली नाही. यांतल्या बहुतेक गोष्टी आखणीच्या वेळी जवळजवळ फुकट मिळतात. एकदा भिंती चढल्या की मग कितीही पैसे घाला, होत नाहीत.

आता रस्ते आणि गटारी. इथे माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो, कारण चूक पैशाची नसते, महिन्याची असते. आपल्याकडे निविदा जानेवारी-फेब्रुवारीत निघतात, कार्यारंभ आदेश मार्चअखेर मिळतात आणि काँक्रीट पडतं एप्रिल-मेमध्ये, दुपारी बाराच्या उन्हात. ४३-४४ अंशांत ओतलेलं काँक्रीट वरून इतक्या झपाट्यानं सुकतं की संध्याकाळपर्यंत केसांसारख्या चिरा दिसतात. मग ठेकेदार त्यात पाणी जास्त घालून ते सैल करतो. ओतायला सोपं जातं, पण ताकद जाते. भारतीय मानक ४५६ सांगतं की कोरड्या, तापलेल्या हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवलं पाहिजे. ज्या शहरात प्यायला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे मे महिन्यात रस्त्याला दहा दिवस पाणी कोण देणार? गोणपाट एक दिवस ओलं दिसतं, तिसऱ्या दिवशी गायब असतं. पावसाळा संपेपर्यंत खडी वर आलेली असते आणि लोक म्हणतात पैसे खाल्ले. पैसे खाल्लेही असतील, पण प्रामाणिक ठेकेदारसुद्धा मेमध्ये चांगला काँक्रीट रस्ता देऊ शकत नाही.

उपाय वेळापत्रकाचा आहे. पावसाळ्यात अंदाजपत्रकं आणि मोजमापं करून ठेवा, गणपतीच्या आसपास निविदा काढा, दिवाळीला कार्यारंभ आदेश द्या. काँक्रीटची सगळी कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. डांबराला मात्र ऊन मानवतं, ती कामं मार्चपासून घ्या, फक्त मजूर पहाटे लावा आणि अकराला थांबवा. उन्हाळ्यात काँक्रीट टाळताच येत नसेल तर संध्याकाळी पाचनंतर ओता, खडी सावलीत ठेवा, लगेच झाका. महापौरांनी महासभेत एवढा एक ठराव केला की १५ मार्च ते १५ जून दिवसा काँक्रीट नाही, तरी त्याच पैशात रस्त्यांचं आयुष्य वाढेल.

आणि खोदायचा क्रम. आधी पाण्याची पाइप, मग गटार, मग रस्ता. अमृत ही शहरांच्या पाणी-गटारींसाठीची केंद्राची योजना २०१५ ची. तिच्या जलवाहिन्या आणि भुयारी गटारींसाठी जळगावचे रस्ते किती वेळा आणि किती वर्षं उकरले गेले हे तुम्हीच सांगू शकाल. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मेमध्ये भेगेत हात जातो इतकी फटते. त्या ओढाताणीत पाइपचे जोड निखळतात, म्हणून आपल्याकडे लिकेजं नेमकी उन्हाळ्यात वाढतात, जेव्हा पाणी सगळ्यात हवं असतं. पाइपाखाली आणि भोवती वाळूचा किंवा मुरुमाचा थर नसेल तर नवी पाइपसुद्धा चार वर्षांत गळते. खड्डा बुजवण्याआधी हा थर कोणी पाहिला, त्याची सही कुठे आहे, एवढं महापौरांनी विचारत जावं.

पाण्याचा आणि उन्हाचा एक संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. आपली हवा कोरडी असते, म्हणून कूलर फार चांगला चालतो, जूनच्या दमट दिवसांपर्यंत. पण कूलरला पाणी लागतं. ज्याच्या घरी टाकी आहे त्याला गारवा मिळतो, आणि जो दोन ड्रमांवर आठवडा काढतो त्याला नाही. म्हणजे जळगावला वाघूर धरणातून येणारं पाणी किंवा धुळ्याला तापीतून, नकाण्यातून, अक्कलपाड्यातून येणारं पाणी वस्तीत किती दिवसांनी आणि किती वाजता पोचतं, यावर त्या वस्तीची झोप ठरते. उन्हाळ्याचे तीन महिने पत्र्याच्या वस्त्यांची पाळी रात्री दोनची न ठेवता पहाटे पाचची किंवा संध्याकाळची ठेवायला एक रुपयाही लागत नाही. व्हॉल्व्हमनचं वेळापत्रक बदलावं लागतं, आणि ज्या प्रभागाची पाळी मागे जाईल तिथल्या नगरसेवकाला समजावावं लागतं. ते काम महापौरच करू शकतात.

झाडांबद्दल थोडंच. दुभाजकात पामची झाडं लावू नका, त्यांची सावली पडत नाही. निंब, करंज, वड, पिंपळ, चिंच लावा. काँक्रीट बुंध्याला भिडवू नका, निदान मीटरभर माती मोकळी सोडा. ले-आउटमधल्या दहा टक्के खुल्या जागांवर गट्टू (सिमेंटचे फरशीठोकळे) बसवून सभामंडप बांधायचे थांबवा. मंदिराला माझा विरोध नाही, पण कुलूपबंद मंडपाची सावली कोणालाच मिळत नाही आणि गट्टू रात्रभर तापत राहतात. आखाजीला लेकीबाळी माहेरी आल्या की झोका बांधायला निंब शोधत फिरावं लागतं, अशी स्थिती आता शहरात आली आहे.

इशाऱ्याबद्दल एक गोष्ट आवर्जून. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात पारा सरासरीच्या साडेचार अंश वर गेला किंवा थेट ४५ ला पोचला की उष्णतेची लाट. आपल्याकडे मेमध्ये ४२-४३ नेहमीचंच, त्यामुळे ४४ अंशांचे सलग आठ दिवस जातात आणि कागदावर लाट नसते. मे २०२४ च्या अखेरीस जळगाव जिल्हा प्रशासनाला उन्हासाठी कलम १४४ (एरवी जमावबंदीसाठी वापरतात ते) लावावं लागलं, इतकी वेळ आली. अहमदाबादनं आपल्या पाऱ्याच्या पायऱ्या स्वतः ठरवल्या, तशा आपणही ठरवाव्यात आणि त्यात रात्रीचं तापमान धरावं. पहिल्या पायरीला पाणपोया आणि कामाच्या वेळा बदलणं, दुसरीला पालिकेचे दवाखाने रात्री उघडे, तिसरीला शाळांचे हॉल पंखे-कूलर लावून झोपायला मोकळे.

तुमच्या गल्लीनं काय मागावं, तर एक पानाचा अर्ज करा, भाषण नको. त्यात लिहा: गल्लीत पत्र्याची घरं किती, घरकुल मंजूर होऊन हप्ता अडकलेली किती आणि कोणत्या टप्प्यावर, मालकीचा कागद नसलेली किती, पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं, आणि गेल्या पाच वर्षांत रस्ता किती वेळा खोदला. शक्य असेल तर मे महिन्यात सात रात्री दहा वाजता एका पत्र्याच्या घरात आणि एका स्लॅबच्या घरात साधा थर्मामीटर लावून आकडे जोडा. अर्ज नगरसेवकाच्या सहीनं महापौरांकडे द्या, एक प्रत आयुक्तांना, आणि दोन्हीकडून पोच घ्या. गणपतीच्या आधी दिलात तर पुढच्या निविदांच्या यादीत तुमची गल्ली येऊ शकते. फेब्रुवारीत दिलात तर तुमचा रस्ता पुन्हा मेमध्येच ओतला जाईल.